डांबराखालचं पाणी

(मालवण येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. म्हणून डांबर आणि खडी असा रूक्ष वाटणारा विषय घेऊन त्यांच्या नावानं चाललेल्या या मंचावर उभं राहायला मला संकोच वाटत नाही. हा विषय आपल्या रोजच्या पायाखालचा आहे आणि त्यातली शास्त्राची बाजू फारशी कुणी सांगत नाही.

गणपतीला चाकरमानी गावी येतो तेव्हा त्याच्या तोंडचा पहिला विषय रस्ता असतो. मे महिन्यात केलेला रस्ता भाद्रपदात चाळण झालेला असतो. मग ठेकेदार, अधिकारी, पुढारी यांच्या नावानं जे बोलायचं ते बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं. आज मात्र मला तुम्हाला त्या खड्ड्याच्या आत न्यायचं आहे. पुढच्या वेळी खड्डा दिसला, तर त्याच्या कडेचा सुटलेला तुकडा हातात घ्या आणि फोडून बघा. आतली खडी पुष्कळदा धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ निघते. तिच्यावर डांबराचा मागमूस नसतो. काही वेळा डांबर मुळातच कमी घातलेलं असतं, आणि तो सरळसरळ गुन्हा आहे. पण पूर्ण मापानं घातलेलं डांबरसुद्धा आपल्याकडे दगड सोडून देतं. त्याला दगडापासून सोडवतं ते पाणी.

डांबर तेलकट असतं, आणि बहुतेक दगडांना तेलापेक्षा पाणी जवळचं. तापवून कोरड्या केलेल्या खडीवर डांबर घट्ट बसतं, कारण त्या क्षणी पाणी तिथे हजर नसतं. पुढे एखाद्या बारीक भेगेतून पाणी आत शिरलं, की ते दगडाच्या पृष्ठभागावर पसरू लागतं आणि डांबराचा पापुद्रा उचलतं. वरून डंपरचं चाक गेलं की आत कोंडलेल्या पाण्यावर दाब येतो, चाक पुढे सरकलं की तेच पाणी मागे ओढलं जातं. असं दिवसातून शेकडो वेळा, चार महिने. त्यात आपल्या किनाऱ्यावरचा पाऊस साधारण ३००० मिलिमीटर आणि आंबोलीचा त्याच्या दुपटीहून अधिक. लातूरच्या रस्त्याला उन्हाची आणि वजनाची काळजी करावी लागते. आपल्या रस्त्याची पहिली लढाई पाण्याशी आहे, आणि डांबराच्या मिश्रणाचा विचार इथे तिथूनच सुरू व्हायला हवा.

दगडही सगळे सारखे नसतात. सह्याद्रीच्या बाजूला, वैभववाडी-कणकवलीकडे बेसाल्ट, म्हणजे काळा दगड मिळतो. तो डांबराला त्यातल्या त्यात बरा धरून ठेवतो. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात ग्रॅनाइट-नाइस, क्वार्ट्झाइट असे फार जुने, गारेचं प्रमाण जास्त असलेले खडक आहेत. गार म्हणजे सिलिका. ज्या दगडात सिलिका जास्त, तो पाण्याला लवकर वश होतो. या सगळ्यावर आपला जांभा पसरलेला आहे, त्याच्याकडे मी नंतर येतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच पिंपातलं डांबर वापरलं तरी खाण बदलली की रस्त्याचं आयुष्य बदलतं.

हे मोजता येतं. भारतीय मानकांत त्यासाठी अगदी साधी चाचणी आहे. डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि दगडाचा किती पृष्ठभाग उघडा पडला ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. ५ टक्क्यांपेक्षा जास्त उघडा पडता कामा नये. दुसरी चाचणी अधिक कडक आहे. मिश्रणाचे दंडगोल नमुने करायचे, काही कोरडे ठेवायचे, काही पाण्यात मुरवायचे आणि मग दोन्ही फोडून बघायचे. भिजलेल्या नमुन्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे. या दोन आकड्यांना धरून आजचं सगळं बोलणं आहे. हल्ली कचऱ्यातून रस्ते बांधण्याचे पुष्कळ प्रकल्प कानावर येतात, आणि मला त्यांचं अगत्य आहे. पण डांबरात काहीही मिसळण्याआधी त्या पदार्थाला सिंधुदुर्गात एकच प्रश्न विचारायला हवा, पाण्याला दगडापासून दूर ठेवायला तू मदत करतोस का? जो पदार्थ ‘हो’ म्हणतो आणि चाचणीत ते सिद्ध करतो, त्याला रस्त्यात जागा द्यावी. बाकीच्या कचऱ्याची सोय दुसरीकडे करावी.

पहिला मान प्लास्टिकचा. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी या शतकाच्या सुरुवातीला एक पद्धत बसवली. त्यासाठी २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधी लोक प्लास्टिक डांबरात वितळवायला बघत होते, आणि ते नीट मिसळत नसे, थंड होताना वेगळं व्हायचं. वासुदेवन यांनी क्रम बदलला. हॉट मिक्स प्लांटमध्ये खडी १६० ते १७० अंशांपर्यंत तापते. त्या तापलेल्या खडीवर आधी प्लास्टिकचा कीस टाकायचा. गरम तव्यावर तूप पसरावं तसं ते अर्ध्या-एक मिनिटात दगडावर पसरतं आणि प्रत्येक खड्याला पातळ वेष्टण चढतं. मग वरून डांबर. डांबर आणि प्लास्टिक दोन्ही हायड्रोकार्बन कुळातले, त्यामुळे डांबर त्या वेष्टणाला दगडापेक्षा जास्त आपुलकीनं धरतं. पाण्याला दगडापर्यंत पोचायची वाटच बंद होते. दगडातली बारीक छिद्रं बुजतात, त्यामुळे त्याची पाणी शोषण्याची सवयही कमी होते. मी मघाशी सांगितलेल्या २४ तासांच्या चाचणीत असा दगड उघडा पडत नाही. मार्शल चाचणीत, म्हणजे १९३९च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यात ब्रूस मार्शल यांनी बसवलेल्या आणि आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीत, मिश्रणाची ताकदही वाढलेली दिसते.

चेन्नईतली जंबुलिंगम स्ट्रीट या पद्धतीनं २००२ साली झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००८ साली तमिळनाडूतल्या अशा रस्त्यांची पाहणी करून अहवाल काढला. पुढे २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसनं या कोरड्या पद्धतीसाठी एसपी ९८ ही मार्गदर्शिका छापली. २०१५च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं मोठ्या शहरांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या रस्त्यांना प्लास्टिक वापरणं आवश्यक केलं. म्हणजे पुस्तकात सगळं आहे.

पुस्तकातलं प्रत्यक्षात कसं येतं ते बघायला लांब जावं लागत नाही, वेंगुर्ल्याला जावं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ला नगर परिषदेनं कचऱ्याचा जो कायापालट केला, तो महाराष्ट्रभर गाजला. जिथे नाक दाबून जावं लागायचं तो डेपो लोक बघायला येऊ लागले. त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वर्गीकरण. घरातूनच कचरा वेगळा होऊन यायचा आणि डेपोवर तो पुन्हा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जायचा. ओल्या कचऱ्याचा गॅस, पाल्यापाचोळ्याच्या कांड्या, आणि प्लास्टिकचा यंत्रात कीस होऊन तो रस्त्याच्या डांबरात. अनेकांना यातला शेवटचा टप्पा नवलाचा वाटतो. मी अभियंता म्हणून सांगतो, तो टप्पा सगळ्यात सोपा आहे. अवघड काम आधीच झालेलं होतं, वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरांत आणि डेपोवर हातमोजे घालून प्लास्टिक निवडणाऱ्या कामगारांच्या बोटांत.

कारण ‘प्लास्टिक’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी मंडळी आहेत. दुधाची, किराणाची पातळ पिशवी एलडीपीईची, ती ११० अंशांच्या आसपास वितळते. शाम्पूच्या बाटल्या, डबे एचडीपीईचे, ते १३० अंशांच्या आसपास. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५, म्हणजे खडीच्या तापमानाच्या उंबरठ्यावर. हे तिघे चालतात. पाण्याची बाटली पेटची असते, तिला २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे प्लांटमध्ये ती वितळत नाही, नुसती खडीत तुकड्यांसारखी पडून राहते. तिला भंगारात चांगला भाव आहे, तिला तिकडेच जाऊ द्यावं. आणि पीव्हीसी, म्हणजे पाइप, बॅनर, रेग्झिन, यांना प्लांटच्या जवळही फिरकू देऊ नये. त्यातला क्लोरीन तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होऊन बाहेर पडतो. निवडणुकीनंतर उतरलेले फ्लेक्स रस्त्यात घालून टाका, अशी सूचना मी सभांमधून ऐकली आहे. ती कृपया कुणी मनावर घेऊ नये. किसाचं मापही ठरलेलं आहे. तो २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहिला पाहिजे, आणि त्याच्यावर माती नको. माती म्हणजे पुन्हा पाण्याला आमंत्रण.

मालवणात हे बोलताना जाळ्यांचा विषय टाळता येणार नाही. १९८७ साली इथल्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच समुद्रात तुटलेली, सोडून दिलेली जाळी तळाशी पडून मासे मारत राहतात, कासवं त्यांत अडकतात. ही जाळी गोळा करून रस्त्यात घालता येतील का, असं मला बंदरावरच्या तरुण मच्छीमारांनी विचारलं आहे. उत्तर जाळ्याच्या दोऱ्यात आहे. ट्रॉलरची जाळी बहुतांशी एचडीपीईच्या दोऱ्याची. ती धुऊन, मीठ आणि वाळू काढून, कापून आली तर चालतील. दोरखंड पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे, तेही तापमान सांभाळून चालतील. कांडाळी जाळी मात्र नायलॉनची, आणि नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं. ती खडीवर पसरणार नाही. नायलॉनला त्याहून चांगली वाट आहे. युरोपात, स्लोव्हेनियात, जुन्या जाळ्यांचं नायलॉन रासायनिक प्रक्रियेनं मूळ घटकांपर्यंत नेऊन त्याचा पुन्हा नवा धागा काढतात. अशा कारखान्यापर्यंत आपली जाळी पोचवण्याची साखळी मच्छीमार संस्थांनी उभी केली तर त्यात पैसाही आहे. बंदरावर तीन ढीग करायला शिकवलं की पुरे, एचडीपीई, दोरखंड आणि नायलॉन.

किती प्लास्टिक लागतं, याचा हिशेब इथेच करू. गावाकडचा एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. त्यावर २५ मिलिमीटरचं कार्पेट धरा. एका किलोमीटरला साधारण ९४ घनमीटर मिश्रण, म्हणजे २१५ टनांच्या आसपास. त्यात डांबर ५ टक्के धरलं तर पावणेअकरा टन. प्लास्टिक डांबराच्या ८ टक्के धरलं तर सुमारे ८६० किलो. पातळ पिशव्यांच्या हिशेबानं हा फार मोठा ढीग आहे आणि तेवढं डांबरही वाचतं. तरीही रस्ते सगळं प्लास्टिक गिळून टाकतील, या भरवशावर कुणी पिशव्यांचा वापर वाढवू नये. रस्ता दर वर्षी होत नाही, पिशवी रोज फाटते. राज्यानं २०१८ साली आणलेली प्लास्टिकबंदी आणि प्लास्टिकचे रस्ते यांत मला काहीही विरोध दिसत नाही.

दोन काळज्या मी मोकळेपणानं सांगतो. एक, काम करणाऱ्या माणसांची. आपल्याकडे छोटी कामं अजूनही रस्त्याच्या कडेला पिंप ठेवून, खाली लाकडं आणि जुने टायर जाळून होतात. उत्तर कर्नाटकातून आलेली जोडपी पायांना गोणपाट गुंडाळून त्या धुरात दिवस काढतात, पोरं बाजूच्या झाडाखाली. अशा पिंपात प्लास्टिक टाकायला माझा ठाम विरोध आहे. तिथे तापमान कुणी मोजत नाही, आणि प्लास्टिक करपलं की निघणारा धूर त्यांच्या छातीत जातो. ही पद्धत तापमापक असलेल्या हॉट मिक्स प्लांटमध्येच वापरावी, नाहीतर वापरू नये. दुसरी काळजी झिजेची. वरचा थर चाकांखाली झिजतो, ती धूळ पहिल्या पावसात गटारात, तिथून व्हाळात आणि तिथून खाडीत जाते. प्लास्टिक दगडाला चिकटलेलं असतं हे खरं, पण दगडही झिजतो. कर्ली, गड, कालावल यांच्या काठानं जाणाऱ्या रस्त्यांवर प्लास्टिक वरच्या कार्पेटऐवजी खालच्या डांबरी थरात घालून पाहावं आणि गटारातल्या गाळाचे नमुने तपासत राहावं, असं माझं मत आहे. कालवं आणि तिसऱ्या याच खाड्यांतून आपल्या ताटात येतात.

आता मी ज्या पदार्थाबद्दल सगळ्यात जास्त आशेनं बोलणार आहे, तो तुमच्या परड्यातला आहे. काजू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू पश्चिम किनाऱ्यावर आणला. आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जाती देशभर लागतात. गर आपण खातो, बोंडाचा रस काढतो, आणि टरफल? कारखान्यात ते बहुधा भट्टीत जातं. त्या टरफलात वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं काळपट, दाहक तेल असतं. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा एरंडेल लावून बसतात ते या तेलापायी. बोटांची सालं निघतात. किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांनी मात्र या दाहक तेलाचा गुण फार पूर्वी ओळखला. होडीच्या लाकडाला आणि सुती जाळ्यांना ते चोपडायचे, म्हणजे खारं पाणी आणि लाकूड पोखरणारे किडे दूर राहायचे.

त्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. कार्डेनॉलचा रेणू मोठा उपयोगी आहे. त्याच्या एका टोकाला फिनॉलचं कडं आणि त्याला जोडलेली पंधरा कार्बनांची लांब शेपटी. शेपटी तेलकट, ती डांबरात सहज मुरते. कड्याच्या बाजूला अमाइन गट जोडला की ते टोक ओल्या, सिलिकायुक्त दगडाला धरतं, कारण पाण्यात अशा दगडावर ऋण भार असतो आणि अमाइनवर धन. म्हणजे रेणूचं एक टोक दगडात, दुसरं डांबरात, आणि पाण्याला मध्ये शिरायला जागा नाही. कुडाळ-सावंतवाडीच्या गारयुक्त खडीला नेमकं हेच औषध हवं आहे. अशी चिकटवणारी रसायनं बाजारात मिळतात, बाहेरून येतात, आणि डांबराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर लागतात. मघाचा किलोमीटर घेतला तर ५० किलोच्या आसपास. जिल्ह्यातल्या एखाद्या लहान कारखान्याला हे प्रमाण सहज झेपेल.

ज्या ब्राझीलहून काजू आला, तिथल्या सियारा प्रांतात, जो त्यांचा काजूचा मुलूख, विद्यापीठातल्या संशोधकांनी काजूच्या तेलाचे डांबरात प्रयोग केलेले आहेत. आपल्याकडे इतका कच्चा माल असताना या कामाला जिल्ह्यात घर मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. कच्चं तेल तसंच डांबरात ओतायचा मोह मात्र टाळायला हवा. ते डांबराला मऊ करतं, आणि मऊ डांबरावर मे महिन्यात चाकोऱ्या पडतात. हाच अवगुण एका ठिकाणी गुण ठरतो. जुना रस्ता खरवडून निघालेलं डांबर उन्हानं आणि हवेनं वाळून ठिसूळ झालेलं असतं. ते पुन्हा वापरायचं तर त्याला मऊ करणारं काहीतरी लागतं, आणि तिथे काजूचं तेल उपयोगी पडू शकतं. आपण उखडलेला जुना थर कडेला ढकलून देतो. त्यातली खडी आणि डांबर दोन्ही पैसे मोजून आणलेली होती, हे विसरतो.

चुन्याबद्दल थोडं. विरलेला चुना मिश्रणाच्या दीड-दोन टक्के घातला तर डांबरातल्या आम्लांशी त्याची गाठ बसते आणि सिलिकेच्या पृष्ठभागावर कॅल्शियम बसतं. पाण्याविरुद्धचा हा जगभरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आपल्या सरकारी नियमांतही चुन्याला जागा आहे, फक्त वापर कमी. १६६४ ते १६६७ या काळात समोरचा सिंधुदुर्ग बांधला गेला, त्या बांधणीत चुना आहे. शिवछत्रपतींच्या हाताचा आणि पायाचा म्हणून दाखवला जाणारा ठसाही चुन्यातच जपलेला आहे. हा किनारा शिंपल्यांचा चुना भाजत आलेला आहे. मालवणातल्या हॉटेलांतून रोज तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग निघतो. ते शिंपले नुसते कुटून घातले तर चुनखडीच्या भुकटीसारखा भराव मिळतो, पाण्याविरुद्धचा गुण मिळत नाही. त्यासाठी ९०० अंशांच्या आसपास भाजून मग विरवायला हवेत. आणि हे ताटातून उरलेल्या शिंपल्यांपुरतंच. चुन्यासाठी कुणी खाडीतून जिवंत शिंपले उपसू लागलं, तर मी त्या उद्योगाच्या विरोधात उभा राहीन.

काथ्याचं काम वेगळं आहे. जर्मनीत १९६०च्या दशकात स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट नावाचं मिश्रण निघालं. मोठ्या खडीचा सांगाडा आणि भरपूर डांबर. ते डांबर ट्रकमधून नेताना खाली निथळू नये म्हणून त्यात ०.३ टक्क्यांच्या आसपास सेल्युलोजचे तंतू घालतात. तिथे बारीक कापलेला, नीट वाळवलेला काथ्या चालतो, त्यात लिग्निन भरपूर असल्यानं तो लवकर कुजत नाही. हे मिश्रण महाग पडतं, म्हणून ते आंबोली, करूळ, फोंडा अशा घाटांतल्या वळणांसाठी राखावं. काथ्याची जाळी रस्त्याखाली आणि उतारांवर घालणं हा त्याहून स्वस्त उपयोग. २०२०पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तिला मान्यता आहे.

जांभ्याचं मी कबूल केलं होतं. चिरेखाणींभोवती डोंगराएवढा चुरा पडलेला असतो आणि तो डांबरात घाला असं सुचवलं जातं. जांभा सच्छिद्र आहे, खडीसाठी ठरलेल्या २ टक्के पाणीशोषणाच्या मर्यादेत तो बसत नाही, आणि त्याच्या भुकटीत चिकणमाती असते. डांबराच्या थरात त्याला जागा नाही. साइडपट्टीला आणि कमी वाहतुकीच्या रस्त्याच्या खालच्या थराला मुरूम म्हणून तो उत्तम.

पोलादाच्या मळीची खडी हल्ली गाजते आहे. सुरतजवळ हाजिराला २०२२ साली तिचा रस्ता झाला आणि मग आपल्याच मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात २०२४च्या जानेवारीत डोळवीच्या पोलाद कारखान्यातल्या मळीवर एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा झाला. ८० हजार टन मळी त्यात गेली. काम चांगलं आहे. पण डोळवीहून इथवर मळी आणायची तर डिझेलचा हिशेब तिच्या फायद्यावर मात करेल. शिवाय मळीत मोकळा चुना राहिला तर ती पाण्यानं फुगते, म्हणून आधी महिनोन् महिने भिजवून मुरवावी लागते. नागपूरजवळ मनसरला २०२४च्या डिसेंबरात लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराचा तुकडा झाला, त्यात पुण्याच्या प्राज कंपनीचा आणि दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा हात आहे. तिथल्या उन्हात तो कसा टिकतो ते कळेलच. आपल्या पावसात त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागेल.

आणि हे सगळं सांगितल्यावर एक गोष्ट ठासून सांगणं माझं कर्तव्य आहे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७०च्या दशकात झाला. त्याला १० वर्षांची हमी होती आणि तो पुढे कितीतरी दशकं टिकला. त्यात प्लास्टिक नव्हतं, काजूतेल नव्हतं. खडीची प्रत, तापमान, दाबणी आणि पाण्याचा निचरा या चार गोष्टी जिथल्या तिथे होत्या. आपल्याकडे गटार नसलेल्या, कडेला शेताचा बांध चढलेल्या आणि मधोमध खोलगट झालेल्या रस्त्यावर कोणतंही मिश्रण टाकलं, तरी ते पाण्यात बसणार. मिरग तोंडावर आलेला असताना, ओल्या खडीवर, रात्री दिवे लावून उरकलेल्या कामाला कोणताही टाकाऊ पदार्थ वाचवू शकत नाही. टिकाऊ गटार हा रस्त्याच्या मिश्रणाचाच एक घटक आहे असं समजून त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत.

म्हणून माझा प्रस्ताव फार छोटा आहे. राष्ट्रीय महामार्ग काँक्रीटचा झाला, त्याचा विचार आपण करायचा नाही. मालवण-कट्टा रस्त्यासारखा वर्दळीचा एखादा रस्ता घ्यावा आणि त्याच्या नेहमीच्या नूतनीकरणात शंभर-शंभर मीटरचे पाच तुकडे शेजारी शेजारी करावेत. खडी एकाच खाणीची, प्लांट एकच, आठवडा एकच, जानेवारीतला. पहिला तुकडा साध्या डांबराचा, म्हणजे बाकीच्यांची तुलना त्याच्याशी होईल. दुसरा प्लास्टिकचं वेष्टण दिलेल्या खडीचा. तिसरा चुन्याचा. चौथा काजूतेलापासून केलेल्या अमाइनचा. पाचवा प्लास्टिक आणि चुना दोन्हींचा. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दगड रोवून त्यावर क्रमांक घालावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही कोणता तुकडा कसा वागतो ते दिसेल. दर ऑक्टोबरात प्रत्येक तुकड्यातून गाभ्याचे नमुने काढून त्यांची भिजलेली आणि कोरडी ताकद मोजावी, आणि निकाल त्या त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. निदान दोन पावसाळे काहीही बुजवाबुजव न करता तुकडे तसेच ठेवावेत.

यासाठी नवी संस्था लागत नाही. चाचण्या मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्यांना शिकता येतील, कीस वेंगुर्ल्यासारख्या नगर परिषदांकडून मिळेल, काजूच्या टरफलांची काही पोती कोणताही कारखानदार देईल. अमाइन तयार करण्याचं काम मात्र रसायनशास्त्राच्या चांगल्या प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखालीच व्हावं. जानेवारीत डांबर पडायचं तर मिश्रणांच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या दिवाळीपूर्वी सुरू व्हायला हव्यात. आराखड्याचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. बांधकाम खात्यातले अभियंते, तंत्रनिकेतनातले प्राध्यापक आणि मच्छीमार संस्थांची मंडळी सभेत आहेत, त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थोडा वेळ थांबावं. खाण कोणती घ्यायची, एवढं तरी आज ठरवून टाकू.